धडा पोहोचला, पण समजला का? महामारीतील ऑनलाइन शाळेची उकल

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्यांचा एकच पेपर उरला होता, तो भूगोलाचा. २३ मार्चला होणारा हा पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. त्या वेळी आम्हा शिक्षकांना वाटले होते की एवढ्यावर भागेल, उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत साथ ओसरेल आणि जूनमध्ये नेहमीसारखी घंटा वाजेल. प्रत्यक्षात १५ जून २०२० रोजी नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते मुलांशिवाय. काही शाळांच्या इमारतींना कुलूप होते, काहींमध्ये विलगीकरण केंद्रे होती, आणि वर्ग भरत होता तो फोनच्या पडद्यावर. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी सहावी ते आठवीला गणित शिकवत होते. पुढची जवळजवळ दोन वर्षे शिक्षक आणि विद्यार्थी या व्यवस्थेशी कसे जुळवून घेत गेले, त्यात काय साधले, काय निसटले आणि ते तसे का झाले, हे या लेखात उलगडून सांगायचे आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करायला हवा. त्या काळात घरोघरी जे चालले होते त्याला आपण सरसकट ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणतो, पण दुरून शिकवण्याचे शास्त्र त्याहून जुने आहे आणि वेगळेही आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दुरून शिकवत आले आहे, पण तिथे विद्यार्थी स्वतःच्या निवडीने येतो, स्वतःहून वाचता येतील अशी पुस्तके त्याच्यासाठी मुद्दाम लिहिलेली असतात आणि अडले तर गाठायला अभ्यासकेंद्र असते. विद्यापीठ पातळीवरचा एक अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन करायचा तर त्याच्या तयारीला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. आम्हाला सहा ते नऊ दिवसही मिळाले नव्हते. म्हणूनच मार्च २०२० मध्ये काही अमेरिकी अभ्यासकांनी या प्रकाराला वेगळे नाव सुचवले, ज्याचा मराठीत अर्थ ‘आणीबाणीतील दूरस्थ अध्यापन’ असा होईल. युनेस्कोच्या हिशेबानुसार एप्रिल २०२० मध्ये जगभरात सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारे बंद होती, आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला हीच आणीबाणीची सोय आली. ती सोय कशी होती हे तपासताना तिच्याकडून पूर्वतयारीने उभारलेल्या व्यवस्थेची अपेक्षा धरणे शिक्षकांवरही अन्याय ठरेल आणि मुलांवरही.

वर्गात नेमके काय चालते

शिक्षकाने बोलणे आणि मुलांनी ऐकणे म्हणजे शिकवणे, अशी समजूत असेल तर ऑनलाइन वर्गात काही बिघडले असे वाटणारच नाही, कारण बोलणे आणि ऐकणे दोन्ही तिथे होतेच. पण खऱ्या वर्गात दोन वाटा एकाच वेळी चालू असतात. एका वाटेने धडा शिक्षकाकडून मुलांकडे जातो. दुसऱ्या वाटेने तो मुलांना कितपत कळला याची खबर शिक्षकाकडे परत येत असते, आणि ही परतीची वाट शब्दांवर फारच थोडी अवलंबून असते. कपाळावर पडलेली आठी, शेजाऱ्याच्या वहीत शिरलेली नजर, फळ्यावरचे उतरवून घेताना मध्येच थबकलेला हात, मागच्या बाकावर सुरू झालेली कुजबुज, या सगळ्यांवरून शिक्षक मिनिटामिनिटाला आपला वेग कमी-जास्त करतो, उदाहरण बदलतो, एखाद्याला उभे करून विचारतो. हे इतके सवयीने होते की आपण ते करतो आहोत, याची जाणीव अनेक शिक्षकांना ते बंद पडल्यावरच झाली.

एक अगदी छोटे उदाहरण देते. सहावीत भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज येते. १/२ आणि १/३ यांची बेरीज करताना कितीतरी मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ असे उत्तर लिहितात. वर्गात असताना बाकांच्या रांगांमधून एक फेरी मारली की पाच-सहा वह्यांत हे उत्तर दिसते. मग मी फळ्याकडे परत जाते, एक भाकरी काढते, तिचा अर्धा भाग रंगवते आणि विचारते की अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल. २/५ हे अर्ध्याहून कमी आहे, हे मुलांच्या लक्षात येते आणि चूक तिथल्या तिथे सुटते. हे जेमतेम दोन मिनिटांचे काम आहे.

जुलै २०२० मध्ये हाच भाग मी पडद्यावरून शिकवला. ‘समजले का?’ असे विचारल्यावर ‘हो मॅडम’, ‘येस मॅडम’ असे संदेश आणि वर केलेले अंगठे भराभर आले, म्हणून मी पुढे गेले. आठ दिवसांनी वह्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत २/५ होते. ती मुले खोटे बोलली नव्हती. त्यांना खरोखरच समजल्यासारखे वाटले होते, कारण समोर कोणी सोडवून दाखवत असताना प्रत्येक पायरी पटतेच, आणि आपल्याला आले नाही हे कळायला स्वतःच्या हाताने सोडवून बघावे लागते. दरम्यानच्या आठ दिवसांत मात्र मी त्याच कच्च्या पायावर पुढची उदाहरणे रचून बसले होते.

महामारीतील शिकवण्याच्या सगळ्या धडपडीकडे मी या एका प्रसंगातून पाहते. धडा मुलांपर्यंत पोहोचवण्याच्या वाटा त्या काळात अनेक निघाल्या, पण ज्या प्रयोगांनी मुलांकडून काहीतरी परत आणण्याची सोय केली ते तगले आणि ज्यांना ती करता आली नाही ते मेहनतीचे असूनही अपुरे पडले.

फोन कोणाचा, डेटा किती, वेळ कोणती

परतीची वाट बांधायची तर आधी जाण्याची वाट हवी, आणि तीही प्रत्येक घरात सारखी नव्हती. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारताचे चित्र नोंदवलेले आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. नुसते हे आकडे वाचले तर दिलासा वाटतो. पण २०२१ च्या त्याच सर्वेक्षणात असेही आढळले की घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता.

घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यांतला हा फरक शहरातल्या धोरणकर्त्यांना उशिरा कळला, शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात कळला. फोन बहुधा वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर सकाळी बाजार समितीत, कारखान्यावर किंवा रिक्षावर जातो. तो घरी येतो संध्याकाळी सातनंतर. घरात तीन भावंडे असतील तर दहावीतल्याचा मान पहिला, मग त्याहून धाकट्याचा, आणि चौथीतल्या मुलीच्या हाती फोन येईपर्यंत बॅटरी संपलेली असते. आमच्या शाळेने सकाळी अकराचा तास संध्याकाळी साडेसातला नेला तेव्हा उपस्थिती एकदम वाढली. त्यासाठी शिक्षिकांना आपल्या घरच्या स्वयंपाकाच्या वेळा बदलाव्या लागल्या, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

डेटाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळी साध्या प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी डेटा मिळणे सर्रास होते. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात अनेक चित्रे पाठवणे, त्यामुळे तासाभराचा थेट वर्ग सहज अर्धा-एक जीबी खातो. नुसत्या आवाजाला याच्या कितीतरी पट कमी डेटा लागतो आणि फळ्याच्या एका स्थिर छायाचित्राला तर त्याहूनही कमी. दोन मुलांचे प्रत्येकी दोन तास झाले की घराचा दिवसाचा कोटा संपतो. ज्या शिक्षकांनी हे ओळखले त्यांनी थेट व्हिडिओचा हट्ट सोडला आणि वहीच्या पानाचा एक फोटो व त्यासोबत चार मिनिटांचा ध्वनिसंदेश, अशी जोडी पाठवायला सुरुवात केली. तिचा आणखी एक फायदा असा होता की वडील घरी आल्यावर, रेंज असेल तेव्हा, मूल ती कितीही वेळा ऐकू शकत असे. थेट वर्गात सर्वांनी एकाच वेळी हजर असावे लागते आणि ध्वनिमुद्रित धड्याला मुलाच्या सोयीने थांबता येते, हा दोन पद्धतींमधला मूळ फरक आहे. गरीब घरांना दुसरी पद्धत अधिक मानवली.

वेळेवर सरकारी मर्यादाही होती. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी फार तर चार सत्रे, असे बंधन घालण्यात आले. राज्याने त्याच महिन्यात अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. काही शाळांनी तरीही सकाळी आठ ते दुपारी एक असे पूर्ण वेळापत्रक पडद्यावर चालवले. पालकांनी फी भरली आहे म्हणून तास दिसले पाहिजेत, एवढाच त्यामागचा विचार होता आणि मुलांच्या डोळ्यांनी त्याची किंमत मोजली.

पडद्यासमोर थकवा का येतो

चार तास वर्गात बसून न थकणारे मूल चाळीस मिनिटांच्या ऑनलाइन तासाने मलूल का होते, असे पालक विचारत. याची कारणे आळसात शोधू नयेत. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याने सुरू करणे यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढेच अंतर असते. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला थोडा जरी उशीर झाला तरी ही लय बिघडते, दोघे एकदम बोलतात, मग दोघे एकदम थांबतात. मेंदू हा बिघाड सतत दुरुस्त करत राहतो आणि त्यातच दमतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये अशा थकव्याची चार कारणे मांडली. अगदी जवळ आल्यासारखे भासणारे चेहरे आणि सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, कॅमेऱ्याच्या चौकटीत अडकल्यामुळे हालचाल थांबणे, आणि हावभाव समजून घेण्यासाठी व आपले हावभाव पोहोचवण्यासाठी लागणारा जास्तीचा मानसिक श्रम, ही ती कारणे होत.

यांतील दुसरे कारण किशोरवयीन मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचे वाटते. आठवीतली मुले कॅमेरा बंद ठेवत तेव्हा शिक्षकांना राग येई. पण त्या कॅमेऱ्यात मुलाच्या चेहऱ्यामागे त्याचे घरही दिसत असे. पत्र्याची भिंत, वाळत घातलेले कपडे, खोलीत झोपलेले आजारी आजोबा. शाळेच्या गणवेशामागे जे झाकलेले असते ते सगळे वर्गमित्रांपुढे उघडे पडत होते. मी कॅमेऱ्याचा आग्रह सोडला आणि त्याऐवजी नाव घेऊन प्रश्न विचारायला लागले. उत्तर आवाजाने द्या, लिहून द्या किंवा नंतर मला एकटीला पाठवा, असे तीन मार्ग ठेवले. तिसरा मार्ग निवडणारी मुले सर्वांत जास्त होती.

शिक्षकांनी काय बदलले

त्या दिवसांत प्रत्येक शिक्षकाने घरीच आपापला फळा तयार केला. माझा फळा म्हणजे स्टीलच्या दोन उंच डब्यांवर आडवी ठेवलेली लाकडी पट्टी, पट्टीला रबरबँडने उलटा बांधलेला फोन आणि खाली वही. पंखा चालू ठेवला तर पान उडे आणि आवाज घरघरे, बंद केला तर घामाचा थेंब वहीवर पडे. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी आपल्याच मुलांकडून किंवा शेजारच्या महाविद्यालयीन तरुणाकडून लिंक कशी पाठवायची, आवाज कसा बंद करायचा हे शिकून घेतले. झूमचा फुकट वर्ग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होत असे, तीच आमची घंटा झाली.

ही सगळी साधनांची जुळवाजुळव होती. खरा बदल शिकवण्याच्या पद्धतीत झाला, आणि तो हळूहळू, चुका करत झाला. पस्तीस मिनिटे बोलत राहण्याऐवजी सात-आठ मिनिटे सांगायचे, मग एक उदाहरण देऊन पाच मिनिटे गप्प बसायचे आणि प्रत्येकाने उत्तराचा फोटो पाठवायचा, ही पद्धत अनेकांनी आपापली शोधून काढली. साठ मुलांचा एक वर्ग घेण्याऐवजी दहा-दहाचे गट करून प्रत्येक गटाला वीस मिनिटे दिली तर एकूण वेळ सुमारे तिप्पट लागतो, पण प्रत्येक मूल एकदा तरी बोलते. ज्यांना इंटरनेट नव्हते त्यांना साध्या फोनवरून चार-पाच जणांना जोडून घेऊन शिकवणारे शिक्षक होते. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड बालभारतीने आधीपासूनच छापले होते आणि सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपवर त्यांचे व्हिडिओ होते, पण अनेक शाळांत ते कोड पहिल्यांदा उघडले गेले ते या काळात. पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत करणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा राज्यातील प्राथमिक शिक्षकांना ते आपले स्वतःचे बक्षीस वाटले.

आमच्या शाळेतील मराठीच्या एका ज्येष्ठ बाईंनी थेट वर्ग घेणे कधीच जमवले नाही. त्या रोज एक परिच्छेद वाचून ध्वनिसंदेश पाठवत आणि मुलांनी तोच परिच्छेद स्वतः वाचून परत पाठवायचा, एवढाच त्यांचा नियम होता. त्यातून त्यांच्या हाती असे काही लागले जे वर्गात वर्षानुवर्षे लागले नव्हते. वर्गात मुले एका सुरात वाचतात आणि त्या सुराखाली न वाचणारी मुले सहज लपतात. ध्वनिसंदेशात लपायला जागा नसते. सहावीतली काही मुले अक्षर-अक्षर जुळवत, जोडाक्षर आले की श्वास घेऊन थांबत वाचत होती, हे बाईंना पहिल्यांदा ऐकू आले. त्या मुलांसाठी त्यांनी दुसरीच्या पुस्तकातले उतारे द्यायला सुरुवात केली, आणि तेही खासगी संदेशाने, म्हणजे इतरांना कळणार नाही अशा रीतीने. परतीची वाट कधीकधी वर्गातल्यापेक्षाही चांगली बांधता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही.

हे सारे करताना शिक्षकांचा दिवस कुठे संपत होता, हेही सांगितले पाहिजे. रात्री दहा वाजता साठ वह्यांचे फोटो तपासायचे, त्यांतले निम्मे अंधुक, काही आडवे, काहींवर फोन धरणाऱ्या हाताची सावली. बोट फिरवून लाल रेघ मारायची, चूक कुठे झाली ते लिहायचे, तोवर फोनची जागा भरल्याची सूचना येते. दिवसा याच शिक्षकांपैकी अनेकजण तपासणी नाक्यावर किंवा ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरून ऑक्सिजनची पातळी मोजण्याच्या कामावर होते.

जिथे फोन नव्हता

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून रोज येत असे, पण ती फोनवाल्यांसाठी. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या पाठांवरची मालिका सुरू झाली आणि तिने बरीच मोठी पोकळी भरली, कारण तिच्यातले उपक्रम घरात, अंगणात, भांड्याकुंड्यांनी करता येण्यासारखे होते. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ भरवली गेली. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, म्हणजे मूल खेळता खेळता वजाबाकी वाचील.

दूरदर्शन, ध्वनिक्षेपक आणि भिंत या तिन्हींची मर्यादा एकच आहे, ती म्हणजे त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे हे प्रयोग जिथे टिकले तिथे त्यांच्याभोवती माणसे होती, हे लक्षात घ्यावे लागते. गावातली बारावी झालेली ताई ओसरीवर आठ मुलांना घेऊन बसते, शिक्षक आठवड्यातून एकदा मोटारसायकलवरून येऊन मंदिराच्या पारावर कार्यपत्रिका वाटतो आणि मागच्या आठवड्याच्या गोळा करून नेतो, अशी साखळी उभी राहिली तिथे भिंतीवरच्या धड्याला उत्तर मिळाले. ‘असर’च्या सप्टेंबर २०२० मधील पाहणीत, पाहणीआधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीही अभ्याससाहित्य मिळालेली मुले ग्रामीण भारतात ३५.६ टक्केच होती. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन मुलांपर्यंत त्या आठवड्यात शाळेची कोणतीच वाट पोहोचली नव्हती.

विद्यार्थी कसे जुळवून घेत गेले

मोठ्या आणि लहान मुलांचा अनुभव इतका वेगळा होता की त्यांना एकाच वाक्यात बसवता येत नाही. अकरावी-बारावीच्या आणि महाविद्यालयातल्या मुलांनी व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन पाहायचे, अवघड भाग दोनदा ऐकायचा, सोपा भाग वेग वाढवून संपवायचा, हे तंत्र लवकर आत्मसात केले. रेंजसाठी सिंधुदुर्गात डोंगरावर खोपट उभारून, पावसात तिथे बसून शिकणाऱ्या विद्यार्थिनीची बातमी राज्यभर गाजली. तिच्यासारखी कितीतरी मुले पाण्याच्या टाकीवर, पुलाच्या कठड्यावर, एसटीच्या थांब्यावर बसलेली दिसत. तिच्या जिद्दीचे कौतुक करताना, शिकण्यासाठी डोंगर चढावा लागणे ही व्यवस्थेची उणीव आहे, हे विसरून चालणार नाही.

लहान मुलांचे तसे नव्हते. स्वतःचा अभ्यास स्वतः आखणे, लक्ष भरकटले की ते ओढून परत आणणे, या क्षमता वयाबरोबर येतात, आणि सात वर्षांच्या मुलाकडे त्या पुरेशा नसतात. वर्गात हे काम शिक्षक आणि शेजारी बसलेली मुले करतात. घरी ते आईवर आले. दुसरीच्या तासाला शिक्षिकेने प्रश्न विचारला की पडद्यामागून आईचे कुजबुजते उत्तर आधी ऐकू येई आणि मग मूल ते मोठ्याने म्हणे. आईला आपले मूल मागे दिसू नये असे वाटे, ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे शिक्षिकेला परत मिळत होती ती आईच्या ज्ञानाची खबर. आई-वडील दोघेही मजुरीला जाणाऱ्या घरांत तर कुजबुजायलाही कोणी नव्हते. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या कित्येक मुलांनी शाळेची पायरी चढली ती दुसरीच्या वर्षात.

परीक्षांचा पेच

शिकण्याची खबर परत आणण्याचे सर्वांत औपचारिक साधन म्हणजे परीक्षा, आणि तेच सर्वांत आधी कोलमडले. विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर त्या बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात ऑनलाइन झाल्या. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत आठवण तपासता येते, पण विद्यार्थ्याने उत्तरापर्यंतची वाट कशी काढली हे दिसत नाही. घरात पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहिली जातील, या भीतीने काही ठिकाणी मुलांवर कॅमेऱ्याची पाळत ठेवली गेली. मला त्याऐवजी दुसरा मार्ग योग्य वाटतो. पुस्तक उघडे असले तरी विचार करावा लागेल असा प्रश्न द्यावा. ‘२/५ हे उत्तर चूक का आहे ते तुझ्या धाकट्या बहिणीला समजाव आणि तो ध्वनिसंदेश मला पाठव,’ या प्रश्नाची नक्कल करता येत नाही.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालावरून ५० गुण आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून ५० गुण, असे सूत्र ठरले आणि पावणेसोळा लाखांच्या आसपास मुलांचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या निकालावरून मुलांची खूप थट्टा झाली. ज्या मुलांनी बंद घरात वर्ष काढले, ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मृत्यू झाले, त्यांच्या गुणपत्रिकेला हसणे मला तेव्हाही क्रूर वाटले आणि आजही वाटते.

परतल्यानंतर

शाळा एका दिवसात उघडल्या नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी, मग दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप, ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरुवात, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा थोडा खंड, असे ते चालले. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ आखला गेला, त्यात मागच्या इयत्तेतले आवश्यक तेवढे भाग घेऊन मधल्या चाचण्यांनी मूल अभ्यासात कुठे आहे ते पाहायचे होते. कल्पना योग्य होती. पण त्या जुलैत बहुतेक शाळा बंदच असल्याने मागे पडलेल्यांसाठीचा सेतूही फोनवरूनच ओलांडायचा होता, आणि मागे पडली होती ती बहुतांशी फोन नसलेलीच मुले.

हानी किती झाली, याचे एक मोजमाप ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात आहे. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. ही नेमकी तीच मुले आहेत ज्यांचे वाचायला शिकण्याचे वय पडद्यासमोर किंवा पडद्याविना गेले.

मोठ्या मुलांत दिसलेली उणीव वेगळ्या प्रकारची होती आणि ती आम्हाला अपेक्षित नव्हती. दीड वर्षानंतर आठवीच्या मुलांना समोर बसवून मी एक साधी चाचणी घेतली. उत्तरे येत होती, पण लिहून होत नव्हती. दहा मिनिटांनी मुले पेन खाली ठेवून बोटे चोळायला लागली. दीड वर्ष त्यांनी ऐकले होते, पाहिले होते, पर्यायावर बोट टेकवले होते, एखाद्या पानाचा फोटो पाठवला होता, पण सलग तीन पाने लिहिली नव्हती. हे आमच्याच शाळेत घडले असे नाही. मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा परत सुरू झाल्या तेव्हा राज्य मंडळाने ७५ टक्के अभ्यासक्रम ठेवला, शक्य तिथे मुलांना स्वतःच्याच शाळेत बसून पेपर लिहू दिला आणि मोठ्या पेपरना ३० मिनिटे, लहान पेपरना १५ मिनिटे जास्त दिली, कारण लिहिण्याचा सराव तुटला आहे हे मंडळानेही मान्य केले होते. आम्ही त्या वर्षी प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे नुसत्या लेखनासाठी ठेवली. फळ्यावर एक उदाहरण, सर्वांची वही उघडी, कोणी बोलायचे नाही, आणि मी रांगांमधून फिरत एकेक वही पाहत जायचे.